पूनमसिंगचा खडा आणि रोजची गोळी

मी खडा बोलतोय. रस्त्यावरचा नाही, डाळीतला नाही, अंगठीतला तर मुळीच नाही. मी मुतखडा आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल. थोड्या वेळानं तुम्हीच पुढे सरकून कान द्याल, कारण माझ्याजवळची गोष्ट चारचौघांत कुणी सांगत नाही. मी सांगणार. मला लाज नाही, भीड नाही, आणि कालपासून माझा आनंद असा उतू चाललाय की गप्प बसलो तर माझे आणखी तुकडे होतील.

आणखी म्हटलं, कारण तीन आधीच झालेत. प्लास्टिकच्या एका पांढऱ्या डबीत आम्ही तिघं एकाच जिवानं राहतो. मोठा तुकडा तुरीच्या अर्ध्या दाण्याएवढा, बाकीचे दोन मोहरीसारखे. झाकणावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर लिहिलंय: पूनमसिंग, वय एकतीस, पुढे रजिस्टरचा नंबर. म्हणजे माझ्या डोक्यावर माझ्या धन्याचं नाव आहे. हा मान मोत्यालासुद्धा मिळत नाही.

माझा जन्म कापसाच्या रांगेत झाला. दोन हजार चार साल संपत आलं होतं. भाव पडलेले, व्यापारी हात आखडून बसलेले, त्यामुळे अख्ख्या तालुक्याचा कापूस सरकारी खरेदी केंद्राच्या एकाच फाटकाकडे निघालेला. पूनमसिंग दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातला. त्याची स्वतःची मॅटाडोर होती. लोकांचा कापूस भरून तो केंद्रावर न्यायचा आणि रांगेत उभा राहायचा. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मॅटाडोर, सगळ्यांची मिळून एकच रांग. नंबर लागायला कधी तीन दिवस, कधी पाच.

त्या रांगेचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. माणूस गाडी सोडून उतरला आणि तेवढ्यात रांग सरकली, की मागचा पुढे घुसणार. मग भांडा, नाहीतर पुन्हा शेवटी जाऊन उभे राहा. पूनमसिंग गाडीवर एकटाच असायचा. त्यानं युक्ती काढली: पाणीच प्यायचं नाही, म्हणजे उतरावं लागत नाही. घसा फारच कोरडा पडला तर चूळ भरायची आणि खिडकीतून थुंकायची. रांगेतले बहुतेक ड्रायव्हर हेच करत, आणि कालपासून मी खाली पाय ठेवला नाही असं एकमेकांना छाती फुगवून सांगत. माणसं कशाचा अभिमान बाळगतील, काही नेम नाही.

तळं आटलं की काठावर पांढरं मीठ दिसतं. तसाच मी त्याच्या मूत्रपिंडात साचलो. आधी वाळूचा कण, मग मोहरी, दुसऱ्या हंगामापर्यंत तुरीचा दाणा. अंगावर गोखरूसारखे काटे. कमरेच्या जरा वर, उबदार काळोखात माझी खोली होती, आणि मी तिथे अगदी मजेत होतो. खोटं कशाला बोलू, मला माझ्या काट्यांचा गर्व होता.

त्या दोन हंगामांच्या मधल्या उन्हाळ्यात पूनमसिंगचं लग्न झालं. नवरी बबिता, पांढरकवड्याकडच्या तांड्यातली. मी तिला आधी नुसतं ऐकलं. काय हसायची पोरगी! तिच्या हसण्यानं पूनमसिंगही हसायचा आणि माझी खोली हलायची. घरात ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत, बाहेरच्यांशी वऱ्हाडीत. मी दवाखाने हिंडून आलोय, म्हणून तुम्हाला सगळं मराठीतच सांगतो. घरात तिसरं माणूस म्हणजे पूनमसिंगची आई, बिजलीबाई. सून आल्यापासून तिनं जुनी लुगडी फाडून दुपट्यांसाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली होती. घाई तिला फार.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत मला हिंडायची हौस आली. मी खोलीतून घसरलो आणि खालच्या बारीक नळीत अडकलो. पूनमसिंग तेव्हा दारव्ह्याच्या रस्त्यावर गाडी चालवत होता. त्यानं गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि रस्त्याच्या कडेला पोट धरून लोळला. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या काट्यांची शरम वाटली.

मग उपाय सुरू झाले. बबितानं पानफुटीची पानं चावायला दिली. बिजलीबाईनं हुलग्याचं पाणी पाजलं. कुणी सांगितलं म्हणून बिअर झाली. मी ढिम्म. शेवटी दिग्रसच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, रोज जेवल्यावर एक, आणि तिची माझी ओळख झाली.

ही गोळी नीट लक्षात ठेवा. स्वभावानं ती मवाळ आहे. ती येते आणि आतल्या सगळ्या वाटा सैल करते, म्हणजे माझ्यासारखा अडेलतट्टू पुढे सरकावा. कित्येक खडे तिच्या शब्दाखातर निमूट निघून जातात. पण ती वाटा निवडून सैल करत नाही. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक कवाड असतं. एरवी पुरुषाच्या सुखाच्या क्षणी ते घट्ट मिटतं, म्हणून वीर्य बाहेर पडतं. गोळी पोटात असली की तेही कवाड सैल राहतं. मग काही मागे पिशवीत जातं, आणि पुष्कळदा सुटतच नाही. त्यात दुखत नाही, इजा होत नाही. गोळी बंद केली की कवाड पुन्हा आपलं काम करू लागतं. मी आतला रहिवासी, मला हे ठाऊक. ज्याच्या पोटात हे चालतं त्याला मात्र कुणी सांगत नाही.

गोळीनंही मी हललो नाही, म्हणून मार्चमध्ये यवतमाळच्या एका दवाखान्यात पूनमसिंगला नेलं. कमरेखालचं अंग बधिर केलं, दुर्बीण आत आली आणि जन्मात पहिल्यांदा मी उजेड पाहिला. मग ठोके बसले. माझे तीन तुकडे झाले आणि मी बाहेर! खरं सांगतो, मला राग आला नाही. केवढं मोठं जग होतं ते!

पण त्याच दिवशी एक घोटाळा झाला. शेजारच्या वॉर्डात पुरुषांच्या नसबंदीचं शिबिर होतं. तिकडच्यांचे झगे हिरवे, पूनमसिंगचाही हिरवा. गुंगीतल्या पूनमसिंगला बाजूच्या स्ट्रेचरवरच्या एका माणसानं विचारलं, "आपलं झालं, तुमचंबी झालं का?" पूनमसिंगनं हो म्हणून मान डोलावली. नंतर त्याला आठवलं, की सकाळी त्यानं एका कागदावर न वाचताच सही केली होती. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही. ती शंका माझ्यासारखीच निघाली, गुपचूप बसून वाढणारी.

नळीत काही दिवस एक प्लास्टिकची बारीक नळी ठेवली होती. ती काढेपर्यंत गोळी घ्या, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर लिहिलंही होतं, इंग्रजीत. पूनमसिंगचं सगळं लक्ष तेव्हा डबीतल्या माझ्याकडे. तीन आठवड्यांनी नळी निघाली, गोळी मात्र सुरूच राहिली. ही गोळी खडे होऊ देत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत करून घेतली होती. आणि आपल्याकडे मेडिकलची रीत तुम्हाला माहीतच आहे. रिकामं पाकीट दाखवा, भरलेलं घ्या. चिठ्ठी कोण मागतो?

सुरुवातीचे दिवस माझ्या थाटाचे होते. मला बघायला माणसं येत. पूनमसिंग मला मॅटाडोरच्या काचेशी ठेवून गावोगाव मिरवी. दिग्रसला रिजवान मेकॅनिकचं गॅरेज आहे, तिथे तर मी या हातातून त्या हातात फिरलो. रिजवाननं मला उजेडात धरून पाहिलं आणि बेअरिंगची गोळी फुटली की अशीच दिसते असं प्रशस्तिपत्रक दिलं. घरी मात्र माझी जागा ठरलेली: आरशाखालची फळी, कंगव्याच्या बाजूला, त्या गोळ्यांच्या पाकिटाला लागून.

तिथूनच मी सगळं पाहिलं.

दुखणं गेलं, अंगात ताकद आली, नवराबायको पुन्हा जवळ आले. आणि पूनमसिंग हादरला. सगळं पहिल्यासारखं होई, पण शेवटी बाहेर काहीच येत नसे. थेंबही नाही. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो उठून बाहेर गेला आणि गाडीच्या टायरला टेकून बसला. त्याला तो हिरवा झगा आठवला, तो माणूस आठवला, ती सही आठवली. त्यानं मनाशी निकाल लावून टाकला की आपली नसबंदी झालीय.

मी डबीत आपटून आपटून ओरडत होतो: अरे बाबा, गोळी, ती शेजारची गोळी! पण खड्याचा आवाज माणसाला ऐकू येतो तो फक्त पोटात असताना, आणि तेव्हाही तो त्याला दुखणं म्हणतो.

त्यानंतर पूनमसिंग बबिताला टाळू लागला. लांबची भाडी घेऊ लागला, वणीकडची, आदिलाबादकडची. घरी असला की गाडीतच आडवा होई. बबिताला वाटलं, आपल्यावरून याचं मन उडालं. तिचं हसणं कमी झालं, मग थांबलंच. बिजलीबाईनं घडी करून ठेवलेली दुपटी एक दिवस काढली आणि सुनेच्या देखत गाडी पुसायला देऊन टाकली. शब्दानं ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पूनमसिंग फक्त एकदा, एकाच माणसाजवळ बोलला. गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं, रिजवान गाडीखाली झोपून काम करत होता. तोंड दिसत नसलं की माणसाला बोलायला धीर येतो. पूनमसिंगनं अडखळत अडखळत सगळं सांगितलं. रिजवान हसला नाही. त्यानं गाडीखालूनच मेकॅनिकसारखा प्रश्न केला.

"बिघाड कवापासून हाय? अन् त्याच्या आंधी नवीन काय बसवलं?"

"नवीन कायचं? ऑपरेशन झालं तवापासून."

"मंग ज्यानं इंजन खोललं त्यालेच विचारनं, भाई. मी काय सांगू?"

"कोनत्या तोंडानं विचारू?" पूनमसिंग म्हणाला, आणि विषय संपला. किती बरोबर प्रश्न विचारला होता रिजवाननं! उत्तर तेवढं चुकलं.

ऑक्टोबरात पूनमसिंग आदिलाबादला कापूस घेऊन गेला. निघताना अशी गडबड की मीही फळीवर राहिलो आणि गोळ्यांचं पाकीटही. आठ दिवस तो तिकडेच होता. नवव्या दिवशी दुपारी परतला. बिजलीबाई बाजाराला गेलेली. आणि काय सांगू, सगळं जसंच्या तसं, लग्नानंतरच्या दिवसांसारखं! बबिताला त्यातलं नेमकं काय ते समजलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती हसली. मी तर डबीत नाचत होतो. आता कळेल, आता कळेलच याला!

कळतंय कसलं? हायवेवर एका तंबूतल्या वैद्यानं त्याला काळी भुकटी दिली होती. ती तो वाटेत तीन दिवस खात होता. सगळं श्रेय त्या भुकटीला मिळालं. आनंदाच्या भरात त्यानं फळीवरचं पाकीट उचललं, आठ दिवस गोळ्या चुकल्या म्हणून स्वतःला बोल लावला आणि त्याच दिवसापासून नेमानं सुरू केल्या. माझ्या डोळ्यांदेखत! चार-पाच दिवसांत पुन्हा सगळं कोरडं. भुकटी तो खातच होता, पण आता तिचाही गुण गेला असं त्यानं धरलं. आशा दाखवून कुणी हिसकावून घेतली की माणूस पहिल्यापेक्षा जास्त मोडतो. पूनमसिंग तसा मोडला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो तांड्याचे प्रमुख, नायक बाबूसिंग यांच्याकडे गेला आणि बबिताला मोकळं करा म्हणाला. तिची काही चूक नाही, तिनं दुसरं घर करावं, एवढंच त्याचं म्हणणं. कारण सांगेना. नायक साठी ओलांडलेला, शांत माणूस. त्यांनी खोदून खोदून विचारलं, मग बबिताच्या बापाला निरोप धाडला आणि पुढच्या रविवारी बैठक ठरवली. मधे उरले दहा दिवस.

बातमी बबिताच्या कानावर पडली ती विहिरीवर, दुसऱ्या बायकांच्या तोंडून. ती भरलेला हंडा तिथेच ठेवून घरी आली. पूनमसिंग आरशासमोर उभा होता.

"काहून?" तिनं विचारलं.

"तुयं भलं व्हावं म्हनून."

"माह्यं भलं माह्यं मी पाह्यीन. कारन सांगा."

 तो आरशाकडेच पाहत म्हणाला, "माह्यं पानी बंद झालं. त्या दवाखान्यात माही नसबंदी करून टाकली. सही मीच केलती, न वाचता. तुले लेकरू होनार नाही. तू तरनी हायेस, कायले माह्यासंग सडतं?"

बबिता तिथेच खाली बसली. मला वाटलं रडेल. रडलीही, पण रागानं. "सात महिने मले वाटे, मीच नको झाली तुमाले," ती म्हणाली. "सात महिने मी सोताले आरशात पाहून राह्यली, का माह्यात काय खोट हाय."

 हे ऐकून पूनमसिंग तिच्या शेजारी जमिनीवर बसला. त्या घरात सात महिन्यांत पहिल्यांदाच दोघं एका जागी, एका दुःखात बसली होती.

पण बबिताचं डोकं मोठं तल्लख. डोळे पुसता पुसता तिला काहीतरी आठवलं. नसबंदी झाली असेल तर मग आदिलाबादहून आल्याच्या दिवशी कसं काय, असं तिनं विचारलं. भुकटीनं, तो म्हणाला. भुकटी तर तुम्ही अजूनही खाताय, मग आता का नाही?  तेव्हा काय नव्हतं जे आता आहे, असं स्वतःशीच पुटपुटत ती घरभर पाहू लागली. तिची नजर फिरत फिरत फळीवर आली. आधी माझ्यावर थांबली. नाही गं बाई, मी नाही, जरा बाजूला! मग एक बोट डावीकडे सरकली.

"हे पाकीट," बबिता हळूच म्हणाली. "हे घरीच राह्यलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती एकटी यवतमाळला निघाली. पूनमसिंग येईना. तिच्या पिशवीत मी, ते पाकीट आणि दवाखान्याचा कागद. मला जन्मात एवढी धाकधूक कधी झाली नव्हती.

दवाखान्यात विमलताई नावाच्या सिस्टर होत्या. बबितानं त्यांच्या टेबलावर मला ठेवलं. विमलताईंनी चिकटपट्टीवरचा नंबर वाचला, रजिस्टर काढलं आणि पेशंटला पुन्हा दुखतंय का विचारलं. बबितानं नाही म्हणून मान हलवली. मग तिनं पदर तोंडाशी धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ना आडवळण, ना लाजणं. मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू! विमलताईंनी आधी उठून दार लोटलं, मग डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी कागद पाहिले. नसबंदी झालेली नाही, सही खड्याच्या ऑपरेशनची आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. शिवाय नसबंदी झाली असती तरी असं कोरडं झालं नसतं, कारण त्यात पाणी येतंच, फक्त बीज नसतं. हे सगळं त्या गोळीमुळे झालं. नळी काढली त्याच दिवशी ती थांबायला हवी होती. आता बंद करा, बहुतेक आठवडाभरात पूर्ववत होईल, नाही झालं तर त्यांना घेऊन या, असं ते म्हणाले. माझ्याकडेही त्यांचं लक्ष गेलं. हा खडा तपासायला पुन्हा घेऊन या, तो कशाचा बनलाय ते कळलं तर पुढचा होऊ न देता येईल. आज मशीनवर माणूस नाही. आणि त्यांना पाणी भरपूर प्यायला लावा.

बबिता उठली आणि दारात थांबली. "हे गोळी देतानीच काहून नाही सांगतलं, डाक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पेशंट लाजतो, विचारत नाही. आणि खरं बोलायचं तर आम्हीही हा विषय काढत नाही." मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण कबूल करणाऱ्यावर किती रागावणार?

घरी वेगळीच पंचाईत. पूनमसिंगला पटेना. तुझी समजूत घातली त्यांनी, असं म्हणू लागला. वर त्याला भीती, की गोळी बंद केली तर पुन्हा खडा होईल. रस्त्यावर लोळलेला माणूस तो, भीती खोटी म्हणता येत नव्हती. बबितानं वाद घातला नाही. तिनं पाण्याचा मोठा गडवा त्याच्यासमोर ठेवला आणि पाकीट आपल्या कमरेला खोचलं.

"रविवारपरेंत गोळी खाऊ नका," ती म्हणाली. "मंग जसं होईन तसं. फरक नाही पडला तं मी सोताच बापासंग निघून जाईन, तुमाले सांगा बी लागनार नाही."

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पूनमसिंग पाणी पिई आणि कमरेला हात लावून पाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बिजलीबाईला कशाचाच पत्ता नव्हता, पण दोघं पुन्हा एका ताटात जेवतात एवढं तिनं हेरलं होतं. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर ती उठली आणि शेजारणीकडे गहू निवडायला गेली. घरातल्या म्हाताऱ्यांना आपण समजतो त्यापेक्षा बरंच कळतं.

बबितानं माझी डबी भिंतीकडे फिरवून ठेवली. त्यामुळे मी काही पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं. मी फक्त ऐकलं.  पूनमसिंग एकदम ओरडल्यासारखं काहीतरी बोलला, आणि मग बबिता हसली. तेच ते हसणं, मी आत असताना माझी खोली हलवणारं. ती हसत होती आणि तो रडत होता, मोठ्यानं, लहान पोरासारखा. मीही रडलो असतो, पण मी कोरडा दगड.

काल रविवार. बबिताचा बाप आणि दोन भाऊ जीप करून आले. नायकाच्या अंगणात माणसं एका बाजूला बसली, बायका दुसऱ्या बाजूला. पूनमसिंगच्या खिशात मी आणि ते पाकीट. त्यानं उभं राहून सांगितलं की त्याला काही मोकळं करायचं नाही, तो आपला शब्द मागे घेतो. त्याला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण बबिताचा बाप उठला. दहा दिवस माझ्या पोरीचं नाव दोन तांड्यांत फिरतंय, तो म्हणाला, तिच्यात काय खोट होती ते लोकांसमोर सांगा. आणि त्याचं बरोबरच होतं.

पूनमसिंगनं बबिताकडे पाहिलं. खिशातून मला त्याच्या छातीचे ठोके मोजता येत होते. खोटं बोलायला शंभर जागा होत्या. तो खरं बोलला.

"खोट तिच्यात नव्हती. माह्यं पानी बंद झालतं. मले वाटलं, मी पुरा मानूस नाही राह्यलो. खड्याच्या गोळीनं झालतं ते. गोळी बंद केली, आता ठीक हाय. मी लाजलो, कोनाले विचारलं नाही, अन् हिच्या जिवावर बेतलं."

 बाप खाली बसला. मला वाटलं संपली सभा. तेवढ्यात नायक बाबूसिंग म्हणाले, "पाहू बरं ते पाकीट."

पूनमसिंगनं दिलं. नायकांनी ते उलटंसुलटं केलं. मग स्वतःच्या बंडीच्या खिशात हात घालून दुसरं एक पाकीट काढलं, मळकं, अर्धं संपलेलं. लघवी तुंबते म्हणून ते दोन वर्षांपासून रोज एक गोळी घेत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही पाकिटं पूनमसिंगच्या हातात दिली. पूनमसिंगनं अक्षर अन् अक्षर जुळवून पाहिलं. नाव एकच होतं.

नायकांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिथे त्यांची बायको, हंसाबाई बसली होती.

"दोन वर्सं झाले माही खाट भायेर हाय," नायक म्हणाले. ते सभेशी बोलत नव्हते. "मले वाटे, म्हातारपन आलं."

हंसाबाईनं डोळे वर केले नाहीत. "मले वाटे," ती म्हणाली, "तुमचं मन भरलं."

सभेनंतर पांगता पांगता आणखी दोघं पूनमसिंगजवळ आले आणि त्यांनी हळूच आपापली पाकिटं दाखवली. त्यांच्या गोळ्या वेगळ्याच होत्या, एकाची तर चक्क सर्दीची होती. पण विचारत होते! आजवर वैद्याच्या तंबूशिवाय कुठे तोंड न उघडणारी माणसं, दिवसाउजेडी विचारत होती. माझी छाती किती फुगली असेल याची कल्पना करा.

बबितानं नायकांना मात्र बजावलं, की तुमचं दुखणं वेगळं आहे, मनानं गोळी सोडू नका, लघवी अडकेल. उद्याच डॉक्टरांकडे चला. तेच तुम्हालाही माझं सांगणं. गोळीला शिव्या देऊ नका. तिनं किती जणांची वाट मोकळी केलीय. पण ती पोटात काय काय करते ते विचारा, कधी थांबवायची ते विचारा, आणि घरच्या माणसाला सांगा. पाणी प्या. लाज पोटात ठेवाल तर ती खड्यापेक्षा मोठी होते, हे मी खडा असून सांगतोय.

आज आम्ही यवतमाळच्या रस्त्याला आहोत. पूनमसिंग गाडी चालवतोय, मधे दोनदा थांबून पाणी प्यायलाय. बबिताच्या मांडीवर मी. आज मशीनवर माणूस आहे म्हणे, म्हणजे घटकाभरात माझी पूड होणार. होऊ दे! ज्याच्या पोटात वाढलो त्याला पुन्हा तसं लोळावं लागू नये, यासाठी पूड होण्यात मला आनंदच आहे. येतो मी. माझे काटे कुणाला बोचले असतील तर पोटात घाला, म्हणजे मनात घाला, पोटात नको.

मागच्या बाजूला नायक आणि हंसाबाई बसलेत, दोघांचे कपडे धुतलेले. दवाखान्याचं फाटक दिसू लागलंय. नायक बबिताला तिसऱ्यांदा विचारतायत की डॉक्टरला नेमकं काय आणि कसं विचारायचं, सुरुवात कुठून करायची.

"राहू द्या," हंसाबाई म्हणतेय. "मी विचारीन."